शब्दसंस्कार : रं. ग. खांबेटे

"थांब. तिथेच थांबव. हा गृहस्थ 'वेळ टळली' म्हणाला, की 'वेल टल्ली'?"

श्रद्धाने लॅपटॉपवरचे गाणे थांबवले. "टल्लीच म्हणाला, सर." मग ओठ दाबून म्हणाली, "हिंदीत टल्ली म्हणजे..."

"दारू प्यायलेला. ठाऊक आहे मला. मी सदाशिव पेठेत राहतो, सत्ययुगात नाही. खालच्या मजल्यावर सहा विद्यार्थी आहेत." रंगनाथराव खांबेटे यांनी चष्मा पुसला. "लिही, उच्चार सदोष."

"आवाज मात्र छान आहे ना?"

"आवाज काय, दुपारच्या भोंग्यालाही असतो."

श्रद्धाने लिहिले : क्रमांक एकतीस, ऑर्केस्ट्रा, उच्चार सदोष.

महिनाभर दर शनिवारी हा परिपाठ चालू होता. श्रद्धा मूळची यवतमाळची, नोकरी संगणकाच्या कंपनीत. आजोबांनी आजारपणात रोज ऐकलेले एक गाणे तिच्या मनातून जाईना, म्हणून तिने त्याची जेवढी ध्वनिमुद्रणे मिळतील तेवढी जमवायला घेतली आणि पाहता पाहता ती चौतीस झाली. पहिली तबकडी एकोणीसशे सत्तरची. त्यानंतर कीर्तनकारांनी ते गाइले, शाळांच्या वृंदांनी गाइले, लग्नाच्या बँडने वाजवले; एका कॅसेटमध्ये त्याला ढोलकी जोडली गेली आणि अलीकडे कुणी तरी त्यातल्या दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द यंत्राने तोडून 'भा-भा-भाव' असा नाचासाठी केला. पुढच्या आठवड्यात रविवारी या एका गाण्यावर सभागृहात कार्यक्रम होता. चौतीसांतली निवडक ध्वनिमुद्रणे ऐकवायची, आणि शेवटी रंगनाथरावांना शाल द्यायची.

शाल त्यांना कशासाठी, हे पहिल्या तबकडीच्या कागदावर छापलेले होते. गीत : पारंपरिक. त्याखाली बारीक अक्षरांत, शब्दसंस्कार : रं. ग. खांबेटे. रंगनाथराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. सकाळी शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सायंकाळी पुण्यातल्या एका लहानशा ध्वनिमुद्रण कंपनीत गाण्यांचे शब्द तपासून द्यायचे, गायकांचे उच्चार घासून घ्यायचे. पुढे कंपनी बुडाली, शाळेतून ते निवृत्त झाले, पत्नी गेली. नावापुढे राहिली ती एवढी एक ओळ. त्या गाण्याच्या पहिल्या कडव्यावर त्यांनी चाळीस वर्षे प्रवचने केली होती.

*दिवा लावते देवाशी, वात सारते पुढे पुढे*
*भाव नाही आला मनी, ताट राहिले उघडे*

नैवेद्याचे ताट वाढलेले आहे, दिवा आहे, वात आहे. नाही तो केवळ भाव. आणि भावावाचून ताट उघडेच राहते. एवढे बोलून रंगनाथराव प्रवचनात क्षणभर थांबत. समोरच्या वृद्ध स्त्रिया हटकून डोळे टिपत.

"आणखी एक आहे, सर," श्रद्धा म्हणाली. "याला नंबर कुठला द्यायचा तेच कळत नाहीये. बिबवेवाडीला संजय म्हणून एक आहेत, जुन्या रेकॉर्ड जमवतात. तुमच्या कंपनीतल्या टेप त्यांनी रद्दीत घेतल्या होत्या. त्यातल्या एका खोक्यावर लिहिलंय, 'चाल – कात्रजची बाई'."

"असेल. चाल एका बाईकडून घेतली होती. खेड्यातली. लाव."

प्रथम खरखर ऐकू आली. मग कुणीतरी खुर्ची ओढली. एका पुरुषाच्या आवाजाने विचारले, "नाव काय तुमचं?"

"दुर्गा."

"पुढं? मालकांचं नाव सांगा, लिहून घ्यायचंय."

बांगड्या वाजल्या. मग, "आवो, ते कसं घिऊ तोंडानं? सोनबाची भैन लिवा."

खोलीत चारपाच माणसे हसली. "बरं, गा."

"सात हायेत. समद्या म्हनू?"

"गा तर आधी."

आणि ती गाऊ लागली. साथ नव्हती. जाते ओढावे तशी चाल होती, शब्दाच्या मध्येच श्वास घेणारी.

*दिवा लावते दारात, वात सारते पुढं पुढं*
*भाव न्हाई आला माझा, ताट राहिलं उघडं*

"थांबा, थांबा." हा आवाज तरुण होता, स्वच्छ होता आणि स्वतःच्या स्वच्छतेची त्याला पुरती जाणीव होती. "बाई, भाव 'माझा' येत नाही. भाव मनात येतो. 'भाव नाही आला मनी' असं हवं. आणि दिवा दारात नाही, देवाशी."

"आवो, भाव म्हंजी..."

"भाव म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

पुन्हा हशा. त्या हशाखालून बाईचा आवाज आला, "बरं." आणि टेप संपली.

श्रद्धा रंगनाथरावांकडे पाहत होती. "सर, मधे बोलतात ते तुम्ही ना?" ती म्हणाली. "आणि 'माझा' म्हणतेय ना ती? म्हणजे कोण आला नाही तिचा?"

रंगनाथरावांनी चष्मा काढून हातात धरला. तीस वर्षे नववीच्या वर्गात ते दरसाल एक व्युत्पत्ती फळ्यावर लिहीत असत. भ्रातृजाया, तिच्यापासून भावजय. भ्राता म्हणजे भाऊ, आणि भावजय या शब्दातला 'भाव' म्हणजे तोच भाऊ. खेड्यापाड्यांत अजून भावाला भावच म्हणतात, हेही सांगत. भावकी, भावबीज, असे आणखी दोन शब्द मुलांकडून काढून घेत. एवढे ज्याला ठाऊक होते, त्याच्या पुढ्यात सोनबाची बहीण बसून भाऊ आला नाही म्हणून गात होती, आणि त्याने तिला भक्ती शिकवली होती.

"भाऊ," ते अखेर म्हणाले. "तिचा भाऊ आला नाही. भाऊबीजेचे ताट आहे ते."

"ओह." ती त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "सर, पण फोक साँगच्या व्हर्जन्स वेगवेगळ्या असतातच ना. इट्स ओके."

"नाही. एका ग्रंथाच्या दोन पोथ्यांत दोन शब्द आढळले, तर त्याला पाठभेद म्हणतात. नकलणाऱ्याला अर्थ कळला नाही आणि त्याने आपल्या मनाचा सोपा शब्द घातला, तर त्याला अपपाठ म्हणतात." त्यांनी कपाटाकडे पाहिले. "तिचाच पाठ अपपाठ आहे, असे मी लिहिले आहे. छापील. तुला दाखवीन."

त्यांनी दाखवले नाही. श्रद्धा गेल्यावर त्यांनी या गाण्यावरची आपली जुनी पुस्तिका कपाटातून काढली, संबंधित पान उघडले आणि उभ्या उभ्याच मिटले. 'ग्राम्य मुखातून भ्रष्ट झालेल्या या ओवीचे मूळ शुद्ध रूप आम्ही सिद्ध केले.' आम्ही. त्या वाक्यात दुसरे कुणीही नव्हते.

रात्री त्या बाईचा चेहरा आठवण्याचा त्यांनी फार प्रयत्न केला. एवढेच आठवले की खुर्ची असूनही ती जमिनीवर बसली होती, आणि आपण तिला पेटीपासून दूर सरकायला सांगितले होते. पुढले दोन दिवस ते बाहेर पडले नाहीत. चौतीस ध्वनिमुद्रणे मनात एकेक करून पुढे येत आणि प्रत्येकात तोच तरुण आवाज त्यांना 'थांबा, थांबा' म्हणताना ऐकू येई. एका गायकाच्या ळ-काराला त्यांनी नावे ठेवली होती. पण शब्द चुकीचा आहे हे चौतीसांपैकी कुणालाच कळायला वाव नव्हता, कारण तो चुकीचा शब्द शुद्ध होता. क्रमांक बावीस बासरीवर होते. सर्वांत तेवढेच निर्दोष.

मंगळवारी त्यांनीच श्रद्धाला फोन केला. "सात ओव्या होत्या. तबकडीत तीन आहेत. पहिली मी बिघडवली, पुढच्या दोन मी स्वतः रचून घातल्या. तिच्या सहा कुणी ऐकल्याच नाहीत. ती हयात असेल तर त्या उतरवून घेतल्या पाहिजेत. रविवारी शालीच्या जागी मला त्या वाचायच्या आहेत, आणि त्या कुणाच्या हे सांगायचे आहे."

"आणि तुमच्याकडून काय झालं, तेही सांगणार?"

"त्यावाचून त्या वाचायला मी कोण?"

श्रद्धाच्या कचेरीत कात्रजचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी ती टेप ऐकली आणि सोनबा म्हणताच ओळख पटवली : विहिरी खणणारा सोनबा, त्याची बहीण दुर्गाबाई, हिंमतरावांची. हिंमतराव गेले. बाई आहेत, मुलाकडे असतात.

शुक्रवारी सकाळी दोघे रिक्षाने निघाले. वाटेत रंगनाथराव मनात एक वाक्य जुळवीत होते. 'माझ्या हातून अक्षम्य प्रमाद घडला' असे त्याचे पहिले रूप होते. बालाजीनगरपर्यंत येता येता त्यांनी 'अक्षम्य' काढून टाकले. क्षमा मागायला जाताना हा शब्द नेणे बरे नव्हे.

शेते होती तिथे आता तीन मजली इमारत होती, वर भाडेकरू, खाली दुर्गाबाईंचा मुलगा सर्जेराव. पन्नाशीचा, अदबशीर. त्याने खुर्च्या पुसून दिल्या. "या सर. श्रद्धा म्याडमनी सांगितलं फोनवर. त्या गान्यासाठी आलाय ना? आई म्हनायची, ह्ये आमच्याकडनं घेतलंय. आमी हसायचो. म्हटलं, म्हातारीला आता लता व्हायचंय."

"तुम्ही हसलात यात तुमचा दोष नाही," रंगनाथराव म्हणाले.

दुर्गाबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी शेपू निवडत बसल्या होत्या. वय शहात्तर, कपाळावर हिरवे गोंदण. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिले आणि भाजीची जुडी थोडी बाजूला केली. "कुठनं आलात?"

"सदाशिव पेठेतून."

"लांबनं आलात. सर्जा, पानी दे."

सर्जेराव आत गेला. रंगनाथराव खुर्चीवरून उठले आणि गुडघ्यावर हात देत सावकाश जमिनीवर बसले. दुर्गाबाई म्हणाल्या, "आवो, खुर्ची हाय की." ते म्हणाले, "असू दे." श्रद्धाने मोबाइल मध्ये ठेवून टेप लावली.

'सोनबाची भैन लिवा' हे शब्द आले तेव्हा दुर्गाबाईंचा हात शेपूच्या काडीवर थांबला. पुढे गाणे आले. त्या मान कलती करून, शेजारच्या घरातले बोलणे ऐकावे तशा ऐकत होत्या. टेप संपली.

"ही मी व्हय?"

"हो आजी," श्रद्धा म्हणाली.

"किती पोर हाय." त्यांनी बोटाने मोबाइलकडे दाखवले. "आनि ह्यो मधीच बोलतो, त्यो कोन?"

रंगनाथरावांचे वाक्य तयार होते. त्यातला एकही शब्द जागेवर सापडला नाही. "मी," ते म्हणाले. "चुकलो मी."

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. "लई घाईत व्हता तुमी."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेला सर्जेराव दारातच उभा राहिला.

"तुम्हीच सांगत होता तेव्हा, भाव म्हणजे भाऊ," रंगनाथराव म्हणाले. "मी ऐकले नाही."

"सांगून काय व्हनार व्हतं? हिरी खांदायचा त्यो. भावबीजेच्या आदल्या दिशी सुरुंग लागला. सन मोडाय नगं म्हनून मला कुनी सांगितलंच न्हाई. मी आपली ताट धरून बसले. एक दिस, दोन दिस. तिसऱ्या दिशी सासू म्हनली, सोड आता." त्या पुन्हा शेपू निवडू लागल्या. "दळताना म्हनायची मी. तुमच्या त्या पेटीवाल्याची मावशी आमच्या गावची, तिनं ऐकलं. म्हनून नेलं मला."

"मी त्यातून तुमचा भाऊ काढून टाकला."

"चूक कसली ती? गानं चांगलं झालं. देवळात लावत्यात रोज सकाळी. लोक हात जोडत्यात." किंचित हसल्या. "सोनबाला कुनी हात जोडलं असतं व्हय? उदारीवर तमाकू खानारा मानूस."

रंगनाथरावांनी खाली पाहिले. त्यांनी श्रद्धाला वही काढायची खूण केली. ते म्हणाले, "बाकीच्या सहा सांगाल? मी लिहून घेतो. जशा म्हणाल तशाच. एक काना बदलणार नाही. रविवारी चार लोकांपुढे तुमच्या नावाने वाचीन."

"सहा." दुर्गाबाईंनी हात पदराला पुसले. "म्हनते की. दिवा लावते दारात हितपतोर ठीक. मग..." त्यांनी डोळे मिटले आणि गळा साफ करून, वयाने चिरफाळलेल्या पण अजून चालीला घट्ट असलेल्या आवाजात म्हटले :

*वेळ टळली पूजेची, फूल परडीत सुकले*
*देव उभा समोरी गं, माझे डोळेच चुकले*

सुकले, चुकले. दोन्ही एकारान्त, स्वच्छ. ळ-काराचा उच्चार इतका निर्मळ की चौतीसांत तसा दुसरा नव्हता. श्रद्धाची लेखणी कागदावर टेकून राहिली होती. सर्जेरावाने सवयीने हात जोडले होते.

"हीच ना?" दुर्गाबाईंनी विचारले.

होय म्हणून टाकावे, असे रंगनाथरावांच्या मनात आले. कुणाला कळले नसते. बाई समाधान पावल्या असत्या.

"ही तुमची नव्हे," ते म्हणाले. "ही मी रचली होती."

"आं?"

"तबकडीसाठी. तुमची दुसरी होती. ती मी ऐकलीच नाही."

दुर्गाबाई गोंधळल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही हरवल्याची खूण उमटली. "मग माजी कुठली?"

दुर्गाबाईंनी उजव्या हाताची मूठ वळली आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर गोल फिरवली, एकदा, दोनदा. ओठ हलले. फिरता हात मध्येच थांबला. "त्यात बैलगाडी व्हती. घाटातनं येती ती. आनि पान... न्हाई, पान दुसरीत." पुन्हा मूठ फिरवली. "देव उभा समोरी..." त्यांनी स्वतःच जीभ आवरली. "ह्येच येतंय बगा फिरून."

"आई, ऱ्हाऊ दे," सर्जेराव म्हणाला.

"जातं असतं तर आल्या असत्या. वजन लागतं हाताला." त्या मुठीकडे पाहत राहिल्या. "पन्नास वरसं ह्येच कानावर पडतंय. देवळात ह्येच, लगनात ह्येच. नातीनं मोबाइलमधी घातलंय, तिथं बी ह्येच. त्याखाली माजं कवा दबलं, मला बी कळालं न्हाई."

श्रद्धाने हळूच वही मिटली. रंगनाथरावांच्या लक्षात आले की आपण क्षमा मागायला आलो होतो आणि बाईंपाशी होते तेवढेही घेऊन निघालो आहोत. आजवर निदान त्यांना वाटत होते की सहा ओव्या आपल्यापाशी आहेत.

"रविवारी मी हेही सांगेन," ते म्हणाले. "सहा होत्या, आणि गेल्या. माझ्यामुळे."

"सांगा." दुर्गाबाईंनी शेपूची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. दोन काड्या निवडल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "ती पयली तेवढी म्हना आता."

"पुन्हा टेप लावू, आजी?" श्रद्धाने विचारले.

"टेप नगं. त्यात मी पोर हाय. ह्यास्नी म्हनू दे. मी म्हनले तर 'मनी'च येतंय तोंडात."

रंगनाथराव आयुष्यात कधी गाइले नव्हते. त्यांनी पाठ सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि ओळ म्हटली. चाल नव्हती; वर्गात श्लोक म्हणावा तशी, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देऊन.

"भाव नाही आला माझा."

"न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

रंगनाथराव थांबले. 'चिह्न' या शब्दात आधी ह आणि मग न, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना छडी उगारून शिकवले होते. न आधी आणून ह मागे लावणे हा जिभेचा आळस, असे त्यांचे मत होते. बाई नाही म्हणत होत्या, की कसे म्हणायचे ते दाखवत होत्या, हे त्यांना कळले नाही, आणि विचारायला तोंड नव्हते.

"न्‌हाई," ते म्हणाले. मध्ये फट राहिली. त्यांनी पुन्हा म्हटले.

दुर्गाबाई भाजी निवडत ऐकत होत्या.